'माध्यमांनी मर्यादा ओलांडली का?' या चर्चेनेच मर्यादा ओलांडली, तर तक्रार कुठे करायची?

लघुलिपी | १४ नोव्हेंबर २०२५

मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते, आता निवृत्त आहे. पण हाताची सवय जात नाही. टीव्हीवर कुणी तावातावाने बोलू लागलं की हाताशी असेल त्या कागदावर पेन्सिल चालू होते. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते आठवून आठवून लिहिलेलं नाही, टिपणात बघून लिहिलेलं आहे.

मागचं सगळ्यांना ठाऊक आहेच. ११ तारखेला सकाळी धर्मेंद्र गेल्याची बातमी वाहिन्यांनी देऊन टाकली. माणूस उपचार घेत होता. हेमा मालिनींनी स्वतः लिहिलं की हे जे चाललंय ते माफ करण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रना घरी सोडलं. काल सनी देओल घराबाहेर आला, कॅमेऱ्यांपुढे हात जोडले आणि चिडून म्हणाला की तुमच्याही घरी आईवडील आहेत, मुलं आहेत, लाज नाही वाटत का.

माझा प्रश्न त्या खोट्या बातमीबद्दल नाही. तिच्यावर सगळेच बोलतायत. काल रात्री एका वाहिनीवर (नाव इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहीन) चर्चा होती, विषय हाच की माध्यमांनी मर्यादा ओलांडली का. म्हटलं, चला, कुणाला तरी सुचलं. बसले ऐकायला. एक निवेदक, चार पाहुणे.

निवेदकाने आरंभीच जाहीर केलं की ती बातमी आम्ही दिली नव्हती. असेल. पण हे तो सांगत होता तेव्हा अर्ध्या पडद्यावर सनीचे जोडलेले हात. पाहुणे बोलायला लागले, तरी हात. जाहिराती संपवून परत आलो, पुन्हा हात. मधून मधून घराचं फाटक, रुग्णवाहिका, आणि गाडीच्या काचेला टेकवलेल्या कॅमेऱ्यातून आतलं काहीतरी अंधुक. खाली रडवं संगीत. तासाभरात हे चक्र किती वेळा फिरलं ते मोजलं नाही, मोजायला मन झालं नाही.

एक पाहुणे, ज्यांच्या नावाखाली 'ज्येष्ठ पत्रकार' लिहिलं होतं, म्हणाले की वय एकोणनव्वद, दोन दिवस इकडे की तिकडे, एवढा गहजब कशासाठी. आणि हसले. निवेदकही हसला. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या की कुटुंबाने वेळच्या वेळी माहिती दिली असती तर ही पाळीच आली नसती, दोष दोन्हीकडचा आहे. तिसरे सभ्य होते, त्यांना बोलूच दिलं नाही. आणि शेवटी निवेदकाने प्रत्येकाला विचारलं, "अंत्यदर्शनाच्या वेळी माध्यमांनी कसं वागावं असं आपल्याला वाटतं?"

माणूस आपल्या घरी, आपल्या खाटेवर आहे. आणि चौघांपैकी तिघांनी या प्रश्नाला उत्तर दिलं.

तर विचारायचं ते असं. याची तक्रार होऊ शकते का, की 'चर्चा म्हणजे मत, मताला मोकळीक' म्हणून सगळं माफ? आणि इथे कुणी वाहिनीत काम केलेलं असेल तर सांगा, पाहुणे बोलत असताना शेजारच्या चौकटीत काय फिरवायचं हे ठरवतं कोण?

---

टॉकबॅक | १४ नोव्हेंबर २०२५

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच मी आयुष्याचा बराच काळ घालवलाय. हिंदी आणि मराठी, दोन्हीकडे आऊटपुटला होतो, म्हणजे पडद्यावर काय जायचं ते बघणाऱ्या विभागात.

कुणीच ठरवत नाही. हे खरं उत्तर आहे. त्या चौकटीला आम्ही विंडो म्हणतो. पॅनेलच्या कार्यक्रमात नुसती बोलणारी तोंडं दाखवली की पडदा मेलेला दिसतो अशी आमच्यात पक्की समजूत आहे, म्हणून विंडोत व्हिज्युअल फिरतंच ठेवायचं. एडिटवर जो पोरगा बसलेला असतो त्याला विषय सांगितलेला असतो दोन शब्दांत. तो त्या दिवसाच्या फोल्डरमधून सगळ्यात ताजं आणि सगळ्यात हालचाल असलेलं उचलतो, त्याचा लूप करतो आणि पुढच्या कामाला लागतो. काल सगळ्यात ताजं आणि हालचाल असलेलं काय होतं? 'चित्रीकरण करू नका' म्हणून हात जोडणारा माणूस. म्हणजे विनंतीच फुटेज झाली. यात दुष्टपणा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्या नियंत्रण कक्षात, त्या वेळी सगळ्यांचं लक्ष चौथा पाहुणा लाइनवर आहे का, याकडे असतं.

पहिल्या प्रश्नाकडे येतो, पण जरा वळसा घालून.

मोठ्या माणसाच्या आजारपणात किंवा मृत्यूत खरी माहिती फार थोडी असते. दिवसभरात दोन वाक्यं. प्रकृती गंभीर, उपचार चालू. आणि वाहिनीकडे असतात चोवीस तास. त्या दोन वाक्यांच्या मधली जी पोकळी आहे ना, सगळा घाणेरडेपणा तिथे जन्माला येतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मातोश्रीबाहेर ओबी व्हॅनची, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, रांग होती. बाळासाहेब गेले १७ तारखेला, पण त्याआधीचे दिवस आठवा. कोण गाडीतून उतरलं, कुणाचा चेहरा कसा होता, आत जाताना वेगळा होता का. रिपोर्टरच्या कानात सारखा एकच आवाज, "बोलत राहा, बोलत राहा." आता ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्याला बोलत राहायला लावलं तर तो काय बोलेल? चेहऱ्यांचे अर्थ लावेल.

श्रीदेवीचंही तेच. २४ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री ती दुबईत गेली. बाथटबमध्ये अपघाताने बुडून मृत्यू, हे तिथल्या अहवालातून २६ ला कळलं, आणि २७ ला तिथल्या अभियोक्त्यांनी प्रकरण मिटवलं. पण आपल्या वाहिन्यांना तेवढं थांबायचं कुठे होतं? स्टुडिओत बाथटबचं ग्राफिक आलं, त्यात तिचं चित्र आलं, एका तेलुगू वाहिनीचा रिपोर्टर तर स्वतः टबात आडवा झाला. पाणी किती खोल, माणूस किती उंच. दारूचे पेलेही रंगवून झाले. हे सगळं माहितीच्या नावाखाली, माहिती आलेली नसताना.

विक्रम गोखल्यांच्या वेळी मराठीतही हेच झालं. २०२२ च्या २३ नोव्हेंबरच्या रात्री ते गेल्याचं पसरलं, लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, घरच्यांना 'अजून आहेत हो' म्हणून सांगत बसावं लागलं. ते गेले २६ ला. मधले तीन दिवस त्या घरात फोन कसे वाजत असतील याची कल्पना करा.

एक गोष्ट मात्र वाहिन्यांच्या बाजूने सांगायला हवी. वयस्क, आजारी कलाकारांवरची ऑबिट पॅकेज, म्हणजे ते गेल्यावर दाखवायच्या श्रद्धांजलीच्या फिती, आधीच करून ठेवलेली असतात, वर्तमानपत्रांतही असतात. त्यात गैर काहीच नाही, उलट निवांतपणे केलेली असल्याने तीच बरी असतात. वाईट असते ती तयार पॅकेज सर्वांआधी सोडायची खाज. एकाने सोडलं की बाकीचे 'सूत्रांच्या माहितीनुसार'. आणि सूत्र कोण, तर आधीची वाहिनी.

आता तुमची चर्चा. ती पोकळी भरायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर चर्चा ठेवणं. रिपोर्टर लागत नाही, व्हॅन लागत नाही, पाहुणे बहुतेक घरूनच आणि फुकट, फुटेज तयार. वर आत्मपरीक्षण केल्याचं पुण्य. जे दाखवायची लाज वाटायला हवी ते 'हे बघा, हे किती वाईट आहे' म्हणत पुन्हा दाखवता येतं. म्हणून माझा सल्ला असा की पाहुण्याच्या हसण्यावर तक्रार करू नका. ते मत ठरेल आणि तुम्ही हराल. विंडोतल्या दृश्यांवर करा. ती वाहिनीची स्वतःची करणी आहे, पाहुण्याच्या माथी मारता येत नाही.

---

खरंतेबोलू | १५ नोव्हेंबर २०२५

तुम्ही तासभर बसून बघितलंत, टिपणं काढलीत, म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाला. टीआरपी तुमच्यासारख्यांमुळेच येतो. रिमोट हातात असतो, बंद करायचा. तक्रारी कसल्या करताय?

---

लघुलिपी | १५ नोव्हेंबर २०२५

हो, शेवटपर्यंत बघितला. अर्धी साक्ष ऐकून कुणी निकाल देत नाही.

टॉकबॅक, 'विनंतीच फुटेज झाली' हे वाक्य तुमच्या परवानगीने तक्रारीत घालते आहे.

---

टॉकबॅक | १५ नोव्हेंबर २०२५

घाला, बिनधास्त.

खरंतेबोलू, टीआरपीचं कारण मीही पुष्कळ वर्षं सांगायचो, पाहुण्यांना आणि घरच्यांनाही. पण एक काळ असा आला की ते कारण उरलंच नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघाल्यावर प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं, ते सुरू झाले थेट मार्च २०२२ मध्ये. जवळजवळ दीड वर्ष कुणालाच कळत नव्हतं की कोण बघतंय. याच काळात, सप्टेंबर २०२१ मध्ये, सिद्धार्थ शुक्ला गेला. शहनाझ गिल ओशिवऱ्याच्या स्मशानभूमीत पोचली तेव्हा गाडीभोवती कॅमेऱ्यांनी काय केलं ते आठवून बघा. दार उघडायला जागा नव्हती. कोणता आकडा मागत होता ते? कुणीच नाही. शेजारच्या वाहिनीवर चाललंय एवढं कारण पुरेसं असतं. न्यूजरूमच्या भिंतीवर सगळ्या वाहिन्या एकाच वेळी लावलेल्या असतात, प्रेक्षकापेक्षा आम्ही त्याच जास्त बघतो.

---

दाखलपूर्व | १५ नोव्हेंबर २०२५

वकिली करतो, म्हणून फक्त कामाचं सांगतो.

तक्रार होते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ चा, त्याखालच्या नियमांतला नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. अभिरुची आणि सभ्यतेला बाधा आणणारं काही दाखवू नये, हे त्यातलं पहिलंच कलम. जून २०२१ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या. आधी वाहिनीकडे, मग वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे, आणि शेवटी केंद्र सरकारकडे. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा.

सगळ्यात महत्त्वाची मुदत पुढची आहे. वाहिनी एनबीडीएची, म्हणजे वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची, सदस्य असेल तर प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे तक्रार गेलेली हवी. तुमचा कार्यक्रम १३ तारखेचा, म्हणजे २० च्या आत. 'दिवाळीनंतर बघू' छापाचं काम इथे चालत नाही. उत्तर पटलं नाही तर पुढच्या अर्जाला नियमांत पंधरा दिवस दिलेत, पण एनबीडीएच्या स्वतःच्या नियमावलीत चौदा आहेत. तुम्ही चौदाच धरा. सगळ्या वाहिन्या एनबीडीएत नाहीत, काही दुसऱ्या संघटनेत गेल्या आहेत. कुठली कुठे, ते आधी बघून घ्या.

यातून काही निघतं का, असं पुढे कुणी विचारणारच. निघालेलं आहे. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनावर ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाच्या एनबीएसएने, म्हणजे याच संघटनेच्या स्वनियमन संस्थेने, आदेश दिला. त्याच्या नावावर खोटे ट्वीट दाखवल्याबद्दल आज तकला एक लाख दंड झाला आणि माफी दाखवायला लावली. मृतदेहाची दृश्यं आणि 'हिट विकेट' वगैरे मथळे यांवरूनही काही वाहिन्यांना माफी मागावी लागली. ते मथळे म्हणजे बातमी नव्हेच, ती शेरेबाजी होती. तेव्हा 'शेरा म्हणजे मत' हा बचाव प्रत्येक वेळी टिकतोच असं नाही.

त्याच प्रकरणात १८ जानेवारी २०२१ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांचा. टीव्हीसाठी वेगळे नियम होईपर्यंत वर्तमानपत्रांसाठीच्या प्रेस कौन्सिलचे निकष वाहिन्यांनाही लागू, असं त्यात म्हटलं. आत्महत्येच्या बातमीत गेलेल्या माणसाला कमकुवत मनाचा ठरवू नये, त्याच्या खासगीपणात शिरू नये, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. रिपब्लिक आणि टाइम्स नाऊचं वार्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक म्हटलं, पण कारवाई केली नाही. म्हणजे डोळे वटारले, छडी नाही उचलली.

आणि एक लाख म्हणजे वाहिनीला काय, तर काही नाही. हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये सुनावणीत बोलून दाखवलं होतं. पण पडद्यावर माफीची पट्टी चालवणं त्यांना फार झोंबतं. मागणीत दंड लिहू नका, माफी लिहा.

---

अबोली | १६ नोव्हेंबर २०२५

वरचं सगळं वाचलं. एकच जोडते. आत्महत्येच्या बाबतीत ही गोष्ट नुसत्या सभ्यतेची राहत नाही. कशी केली, कुठे केली हे तपशिलात आणि पुन्हा पुन्हा सांगितल्याने आधीच खचलेल्या माणसांना धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी मार्गदर्शिका काढली आहे आणि आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये तिचा आधार घेतला. चर्चेत बसलेले पाहुणे मात्र 'पद्धती'वर बोलायला लागतात आणि कोपऱ्यात मदत क्रमांकाची पट्टी फिरत असते. आमच्या घरात एक जण त्या काळातून गेलेला आहे. त्या दिवसांत आम्ही टीव्हीची केबलच काढून ठेवली होती. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. कुणाला लागला तर.

---

लघुलिपी | १६ नोव्हेंबर २०२५

अबोली, क्रमांक लिहून घेतला.

तक्रार काल संध्याकाळी मेलने पाठवली. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, आणि कोणत्या मिनिटाला विंडोत काय होतं त्याचा तक्ता. मोजायला मन झालं नव्हतं म्हटलं होतं, पण वाहिनीने कार्यक्रम यूट्यूबवर टाकलेला होता, मग बसून मोजलं. जोडलेले हात एकतीस वेळा. हसण्याचा उल्लेख केलेला नाही. शेवटचा अंत्यदर्शनाचा प्रश्न मात्र घातला, कारण तो पाहुण्याचा नाही, वाहिनीच्या माणसाचा आहे.

---

लघुलिपी | २८ नोव्हेंबर २०२५

उत्तर आलं, म्हणून धागा वर काढते.

मध्यंतरी २४ तारखेला धर्मेंद्र खरोखरच गेले. नव्वदी दोन आठवड्यांवर होती. घरच्यांनी आधी काही जाहीर केलं नाही, त्याच दिवशी विलेपार्ल्याच्या पवनहंस स्मशानभूमीत अंत्यसंस्कार उरकले. आणि त्या रात्री त्याच निवेदकाचा विषय होता की चाहत्यांना अंत्यदर्शन का मिळालं नाही. कुटुंबाने लपवाछपवी का केली. पेन्सिल हातात होती. दोन आठवड्यांपूर्वी ज्या माणसाने हात जोडून जा म्हटलं, त्याने आज बोलावलं नाही, याचं नवल करत चौघे जण तासभर बसले होते. ११ तारखेचा उल्लेख एकाने केला. त्याच्यावर लगेच जाहिरात आली.

आता उत्तर. दीड पान आहे. सार असं की चर्चा आत्मपरीक्षणाच्या हेतूने होती, पाहुण्यांची मतं त्यांची स्वतःची, दृश्यं सार्वजनिक रस्त्यावरची असून इतरत्रही उपलब्ध होती. तक्त्याबद्दल अवाक्षर नाही. शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिलंय की तो 'सर्वसाधारण स्वरूपाचा' होता.

पुढची पायरी गाठायची आहे. दाखलपूर्व, 'सार्वजनिक रस्ता' याला काय उत्तर देऊ?

---

दाखलपूर्व | २८ नोव्हेंबर २०२५

रस्ता सार्वजनिक होता हे मान्य करून टाका, वाद घालू नका. तुमचं म्हणणं चित्रीकरणावर नाहीच, वापरावर आहे. एका माणसाने थांबा म्हटलेलं दृश्य, ते चुकीचं होतं असं म्हणणाऱ्या कार्यक्रमात, एकतीस वेळा, संगीतासह. संगीत वाहिनीने घातलं, रस्त्यावर वाजत नव्हतं. यावर भर द्या. २४ चा कार्यक्रम यात मिसळू नका. त्याची वेगळी तक्रार, आणि तिचे सात दिवस १ डिसेंबरला संपतात.

---

टॉकबॅक | २८ नोव्हेंबर २०२५

आणखी एक. वाहिन्यांना प्रसारणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. १३ नोव्हेंबरचं ११ फेब्रुवारीपर्यंत धरा. अर्जात ते जपून ठेवायला सांगा, आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ आजच उतरवून घ्या. उत्तर गेल्यावर असे व्हिडिओ बऱ्याचदा 'खासगी' होतात.

---

लघुलिपी | २८ नोव्हेंबर २०२५

भाच्याला बसवलंय उतरवायला. २४ चाही घेतोय.